साडेबावीस रुपये आणि चौदाशे ओळी

कोळसेवाडीत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरी गेल्या पावसाळ्यात साडेबावीस रुपयांवरून मायलेकींचा वाद झाला. रक्कम लहान, पण दोघींपैकी कोणीच मागे हटेना, तेव्हा आम्हाला बोलावणे आले. आमची नोकरी संगणकाची, म्हणून अशा वेळी आमची आठवण होते. एरवी होत नाही!

हकिकत अशी. आई वस्तीतल्या बचत गटाची सचिव. चौदा बायका, दरमहा दोनशे रुपये बचत, गरजेला कर्ज आणि त्यावर उरलेल्या मुद्दलावर व्याज. हिशेब इतकी वर्षे लाल कापडी बांधणीच्या वहीत. लेक पॉलिटेक्निकमध्ये संगणकाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मिळून एक प्रोजेक्ट करायचा होता. पोरीने ठरवले, उगाच कुठल्या हॉटेलचा नाहीतर इस्पितळाचा खोटा हिशेब कशाला, आईच्या गटाचाच खरा हिशेब सी भाषेत लिहू. ही गोष्ट आम्हाला फार आवडली, कारण खरा हिशेब खोटे बोलू देत नाही.

आणि त्याने दिले नाहीच. गटाने जूनच्या बैठकीत व्याज महिना शेकडा दोनवरून दीडवर आणले. एका बाईने पाच हजार घेतले होते, त्यातले पाचशे फेडले, बाकी राहिले साडेचार हजार. दीड टक्क्याने त्याचे व्याज होते साडेसदुसष्ट रुपये. प्रोग्रामने पावती छापली तीही साडेसदुसष्टचीच. परंतु महिनाअखेरचा तक्ता काढला, तर त्याच बाईच्या नावापुढे व्याज नव्वद!

"भाऊ, तुम्हीच सांगा," आई म्हणाल्या, "बाईच्या हातात पावती साडेसदुसष्टची, आणि तक्त्यात नव्वद. उद्या बैठकीत कोणी उठून विचारलं, मधले साडेबावीस कुठं गेले, तर बोट कॉम्प्युटरकडं जाणार नाही, माझ्याकडं येईल. बारा वर्षं वही सांभाळते, एक रुपया इकडचा तिकडं नाही."

लेक डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काका, दर मी बदलला आहे हो. दोनदा बघितलं. मला हे जमतच नाही. वर्गातल्या बाकीच्यांचं चालतं, माझंच अडतं. मी हा विषय सोडते."

आम्ही तिचा प्रोग्राम उघडला. एकच फाइल, चौदाशे ओळी. वरपासून खालपर्यंत सगळे एकात एक: सभासदांची नावे, बचत, कर्ज, व्याज, पावतीची छपाई, तक्ता, पडद्यावरचा मेनू, फाइलीत साठवणे. मधूनच एखादे फंक्शन, मधूनच नुसत्याच ओळी. आणि पेनड्राइव्हवर या फाइलीची भावंडे: 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल नवीन', 'खरी फायनल'. तिघी मैत्रिणी एकच फाइल आळीपाळीने घरी नेत, आपापला भाग लिहीत आणि परत आणीत. एकीने जुनी प्रत नव्यावर चढवली आणि दुसरीची चार दिवसांची मेहनत पुसली गेली, हेही त्या ओघात कळले.

येथे थोडे थांबून एक सांगितले पाहिजे. ही मुलगी मंद नाही. तिला प्रॅक्टिकलला जे शिकवले ते तिने नीट शिकले आहे. पण प्रॅक्टिकलमधले प्रोग्राम कसे असतात? मूळसंख्या शोधा, चांदण्यांचा त्रिकोण छापा, दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करा. प्रत्येक वीस-तीस ओळींचा, प्रत्येक एका फाइलीतला, कागदावर उतरवून जर्नलमध्ये लावला की संपला. मग एकाएकी वर्षाचा प्रोजेक्ट येतो, तो पन्नास पट मोठा. तो कसा मांडायचा हे त्याच मापाने शिकवले जात नाही. ते यायलाच हवे असे गृहीत धरतात. ज्यांच्या घरी मोठा भाऊ किंवा मामा या धंद्यात आहे त्यांना जेवता जेवता कळते की प्रोग्राम चार-पाच फाइलींत वाटता येतो. ज्यांच्या घरी संगणकाला हात लावणारी ती पहिलीच, तिला ते कोण सांगणार? मग ती म्हणते, माझेच डोके चालत नाही.

तिचे वडील रेल्वेत, कल्याण यार्डात मालडब्यांच्या दुरुस्तीवर. रात्रपाळी करून आले होते, चहा घेत ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे अख्खी मालगाडी एकाच डब्याची केलीय का हिनं? आमच्याकडं एक डबा आजारी पडला की तो कापून सिक लाइनला टाकतो. बाकीची गाडी पुढं जाते. एकच लांबलचक डबा असता तर कप्लिंगचा एक बोल्ट तुटला म्हणून सगळा माल अडकला असता."

इतके नेमके आम्हालाही सांगता आले नसते. मात्र डब्यांची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. गाडीचे डबे एकामागोमाग लागतात, प्रोग्रामच्या फाइली तशा नसतात. त्या एकमेकींना हाक मारतात. तेव्हा कुठे कापायचे हा खरा प्रश्न आहे, आणि त्यातच सगळी गंमत आहे.

त्या रविवारी आम्ही एक जुनाट उपाय केला. चौदाशे ओळी छापून आणल्या. पानाला पन्नास ओळी, अठ्ठावीस पाने, झेरॉक्सवाल्याचे छप्पन्न रुपये. मग फरशीवर चटई टाकली, कात्री घेतली आणि मुलीला सांगितले, "काप. ज्या ओळी एकत्र राहायला हव्यात असं तुला वाटतं, त्यांचा एकेक गठ्ठा कर." दोन्ही मैत्रिणीही आल्या होत्या.

पोरींनी पहिल्यांदा गठ्ठे केले ते मेनूच्या क्रमाने. मेनूत सहा पर्याय, म्हणून सहा गठ्ठे. नवा सभासद, बचत भरणे, कर्ज देणे, हप्ता घेणे, पावती, मासिक तक्ता. दिसायला छान, नीटनेटके. आम्ही काही बोललो नाही. आई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी एक कागद उचलला, दुसरा उचलला आणि म्हणाल्या, "ह्या पावतीच्या गठ्ठ्यात व्याज काढलंय. ह्या हप्त्याच्या गठ्ठ्यात पण काढलंय. आणि हे तक्त्यात परत. एकाच गोष्टीचा हिशेब तीन ठिकाणी कशाला? माझ्या वहीत तर व्याजाचं एकच पान आहे."

चोर सापडला! हप्त्याच्या आणि पावतीच्या कागदावर दीड टक्का होता. तक्त्याच्या कागदावर मात्र दोन टक्के तसेच राहिले होते. चौदाशे ओळींत मुलीने दोन जागा शोधून बदलल्या होत्या, तिसरी साडेअकराशेव्या ओळीच्या आसपास कुठेतरी बसलेली तिच्या नजरेतून सुटली. साडेबावीस रुपये तिथे होते.

आम्ही म्हणालो, "गठ्ठे मोडा. आता आईच्या वहीप्रमाणे करा."

नवे गठ्ठे पाच झाले. सभासद कोण हे जाणणारा एक. बचतीचा एक. कर्ज आणि व्याज यांचा एक. सगळे हिशेब डिस्कवर साठवणारा आणि परत वाचणारा एक. आणि मेनू, पावती, तक्ता, म्हणजे केवळ दाखवण्याचे काम करणारा एक. दाखवणाऱ्याला व्याज कसे काढतात हे ठाऊक असण्याचे कारण नाही, त्याने कर्जाच्या गठ्ठ्याला विचारावे, "या बाईचं व्याज किती?" आणि आलेला आकडा छापावा. दर एकाच ठिकाणी, कर्जाच्या फाइलीत. उद्या गटाने सव्वा टक्का केला तर बदल एका ओळीचा.

मेनूच्या क्रमाने कापण्याची चूक ही काही या पोरींचीच नव्हे. १९७२ साली डेव्हिड पार्नास नावाच्या शास्त्रज्ञाने याच प्रश्नावर एक लेख लिहिला. त्याने शब्दसूची करणारा एक छोटा प्रोग्राम घेतला आणि तो दोन प्रकारे तुकड्यांत वाटून दाखवला. एक प्रकार कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, आधी हे, मग ते. दुसरा असा, की जो निर्णय पुढेमागे बदलण्याजोगा आहे तो एकेका तुकड्याच्या पोटात लपवायचा. दोन्ही चालतात. पण बदल करायची वेळ येते तेव्हा पहिल्यात अनेक तुकडे उघडावे लागतात, दुसऱ्यात बहुधा एकच. आमच्या घरच्या उदाहरणात बदलण्याजोगा निर्णय म्हणजे व्याजाचा दर. आईंना हे पार्नासशिवाय माहीत होते, कारण दर बदलल्यावर वही त्यांना हाताने दुरुस्त करावी लागते.

यावरून कोणी असे समजू नये की फाइली वाढवल्या म्हणजे शहाणपण आले. नकल केलेला दर पाच फाइलींत पसरला तर दुखणे उलट वाढते. आणि एकेका फंक्शनला एकेक फाइल करणारे हौशीही आम्ही पाहिले आहेत. त्यांचा प्रोग्राम वाचायचा म्हणजे तीस दारे ठोठावायची. आमचे मत विचाराल तर दोनशे-तीनशे ओळींपर्यंत एकच फाइल खुशाल ठेवावी. त्यापुढे, किंवा दुसरे माणूस कामात आले की, वाटणी करावी.

आता ती वाटणी प्रत्यक्ष कशी करतात ते सांगतो, कारण ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे त्यांना ते उपयोगी पडेल.

सी मध्ये प्रत्येक गठ्ठ्याच्या दोन फाइली होतात. 'कर्ज.सी' या फाइलीत खरे काम असते. 'कर्ज.एच' ही हेडर फाइल. तिच्यात फक्त एवढेच, की या गठ्ठ्याकडे कोणकोणती फंक्शने मागता येतील, त्यांना काय द्यायचे आणि ती काय परत देतील. कल्याण स्टेशनात उभे राहा. फलाटावरचा इंडिकेटर काय सांगतो? कसारा की कर्जत, जलद की धीमी, किती डबे. मोटरमन कोण, मोटर कशी चालते, याच्याशी प्रवाशाला कर्तव्य नाही. हेडर म्हणजे तो इंडिकेटर. बाकीच्या फाइली तो वाचून गाडी पकडतात.

आणि इंडिकेटरवर कर्जत लागले असून गाडी कसाऱ्याची निघाली तर काय होते, हे कल्याणकरांना वेगळे सांगायला नको. प्रोग्राममध्येही तसे होते. हेडरमध्ये लिहिले की व्याज पूर्ण आकड्यात मिळेल, आणि कर्ज.सी दशांशात देऊ लागली, तर विचारणाऱ्याला भलतीच रक्कम मिळते आणि कोणी बोलत नाही. म्हणून नियम असा, की कर्ज.सी ने स्वतःचेच कर्ज.एच आधी वाचले पाहिजे. मग दोन्हींत फरक पडला तर कंपायलर तिथल्या तिथे ओरडतो. ही एक ओळ बरेच विद्यार्थी गाळतात, कारण तिच्यावाचूनही प्रोग्राम चालतो.

जाता जाता एक. पैसे दशांशात ठेवूच नयेत. साडेसदुसष्ट रुपये म्हणजे सहा हजार सातशे पन्नास पैसे, असे पूर्णांकात ठेवावे आणि छापताना रुपये करावे. संगणक दशांश जसेच्या तसे साठवू शकतोच असे नाही. पैशापैशाचा फरक साचत जातो. आईंना हे लगेच पटले.

पुढचे काम कंपायलर आणि लिंकरचे. कंपायलर एका वेळी एकच .सी फाइल घेतो आणि तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करून ठेवतो. त्याला दुसऱ्या फाइली दिसत नाहीत, फक्त हेडरमधली वचने दिसतात. सगळ्या फाइलींची अशी रूपांतरे तयार झाली की लिंकर ती जोडतो, म्हणजे वडिलांच्या भाषेत कप्लिंग करतो. दोघांच्या तक्रारी वेगळ्या. हे एकदा कळले की अर्धी भीती जाते. ओळीचा आकडा सांगून तक्रार आली तर ती बहुधा कंपायलरची. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असे आले तर ती लिंकरची: वचन मिळाले होते, माणूस आलाच नाही. कोडब्लॉक्स वापरणाऱ्या मुलांना हे फार वेळा दिसते. नवी फाइल लिहून फोल्डरमध्ये ठेवतात, पण प्रोजेक्टमध्ये तिचे नाव घालायचे राहते.

आमच्या तिघींना पहिल्या दुपारी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आले. एका मैत्रिणीने झटकन तोड काढली. मुख्य फाइलीच्या वर तिने हेडरऐवजी कर्ज.सी हीच फाइल इन्क्लुड केली. चालले! पोरी टाळ्या पिटू लागल्या. मग तक्त्याच्या फाइलीलाही कर्ज लागले, तिथेही तिने तेच केले, आणि आता लिंकर म्हणाला, 'मल्टिपल डेफिनिशन'. एकच माणूस दोन ठिकाणी हजर. .सी फाइल कधी इन्क्लुड करायची नसते, .एच करायची, हा धडा चहा थंड होईपर्यंत पक्का झाला.

दुसरा घोळ सभासदाच्या नोंदीचा. सभासद.एच मध्ये एका सभासदाची नोंद कशी असेल याचे स्ट्रक्चर होते. कर्ज.एच ते वाचत होते, मुख्य फाइल दोन्ही वाचत होती. म्हणजे मुख्य फाइलीत सभासद दोनदा आला, आणि त्यांचा कंपायलर बिघडला की हे आधीच सांगितले आहे. त्यावरचा उपाय तीन ओळींचा. हेडरच्या वर 'इफ-एन-डेफ' आणि 'डिफाइन', खाली 'एंड-इफ'. दारावर पाटी लावल्यासारखे: एकदा आत येऊन गेलात, आता परत नको. प्रत्येक हेडरला हे करावेच, विचार न करता करावे.

तिसरा घोळ मात्र आम्हालाही तासभर घुमवून गेला. प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये चालला, घरी चालेना! मुलगी पुन्हा रडकुंडीला. तिला वाटले घरचा सेकंडहँड संगणकच नादुरुस्त. संगणक ठीक होता. झाले होते असे: गटाच्या एकूण शिल्लकेसाठी तिने हेडरमध्येच एक व्हेरिएबल लिहिले होते, नुसते 'इंट शिल्लक' या थाटाचे. ते हेडर तीन फाइली वाचत, म्हणजे शिल्लकेच्या तीन जागा मागितल्या गेल्या. लॅबमधला कंपायलर जुना. जुना जीसीसी अशा तीन जागा गुपचूप एक करून टाकीत असे. २०२० साली जीसीसीची दहावी आवृत्ती आली, तेव्हापासून हे लाड बंद झाले. आता तो सरळ 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून हाकलतो. घरी तिने नुकताच नवा उतरवून घेतला होता. दोष मुलीचा नव्हे, संगणकाचाही नव्हे. जुन्याच्या सवयीवर लिहिलेली उदाहरणे अजून फिरत आहेत.

यावर शास्त्रोक्त तोड अशी, की हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लावून नुसता उल्लेख करावा आणि खरी जागा एकाच .सी फाइलीत द्यावी. पण आम्ही तीही करू दिली नाही. आम्ही विचारले, "शिल्लक कोणाला बदलता यावी?" आई भाजीवरून मान वर न करता म्हणाल्या, "बैठकीत पेटी एकीच्याच हातात असते." मग शिल्लक बचतीच्या फाइलीत गेली, तिच्यापुढे 'स्टॅटिक' लागले, म्हणजे ती त्या घराबाहेर दिसत नाही. बाकीच्यांनी फंक्शनकडे मागावे: इतके जमा कर, इतके वजा कर, किती आहे सांग. व्याजाच्या दराचेही तसेच केले.

वाचकांपैकी कोणाला वाटेल, एवढी यातायात आजकालच निघाली. तसे नाही. आपल्या मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्याला प्रोग्राम द्यायचा तो छिद्रे पाडलेल्या कार्डांवर, एका ओळीला एक कार्ड. आमच्या पोरींच्या चौदाशे ओळी म्हणजे चौदाशे कार्डांचा ट्रे! हातातून पडला तर काय अवस्था होत असेल याची कल्पना करा. त्याच्याही आधी, १९५८ साली अमेरिकेत फोरट्रान भाषेची दुसरी आवृत्ती निघाली, ती मुख्यतः यासाठीच की प्रोग्रामचे भाग वेगवेगळे कंपाइल करता यावेत, एका भागातल्या एका चुकीसाठी सगळे पुन्हा यंत्राला खाऊ घालावे लागू नये.

आणि सी भाषेवरच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या लेखकांनी तर नवशिक्यांसाठी नमुनाच घालून दिला आहे. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे पुस्तक १९७८ सालचे, त्याची दुसरी आवृत्ती १९८८ ची. तिच्या चौथ्या प्रकरणात एक लहानसा कॅल्क्युलेटर आहे, तो त्यांनी चार .सी फाइली आणि एकाच हेडरमध्ये वाटून दाखवला आहे. लहान प्रोग्रामला एक हेडर पुरे, असे त्यांचे सांगणे. आपल्याकडे सी शिकणाऱ्या पिढ्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' वर वाढल्या. त्यांची सोपी इंग्रजी वाचत वाचत आम्ही स्वतः सी शिकलो, निळ्या पडद्याच्या टर्बो सी वर. त्या टर्बो सी मध्येही प्रोजेक्ट नावाचा मेनू होता, अनेक फाइली जोडण्यासाठीच. आम्ही तो दोन वर्षे उघडला नाही, कारण कोणी उघडायला सांगितले नाही. मराठीतून ऐकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत, विनामूल्य आहेत.

फाइली झाल्या आणि तिघींनी त्या वाटून घेतल्या. एकीकडे सभासद आणि बचत, एकीकडे साठवण, आमच्या मुलीकडे कर्ज. मेनू व तक्ता तिघींचा. पेनड्राइव्हचा जाच कमी झाला, कारण जिची फाइल तिनेच बदलायची. दुसरीच्या फाइलीत काही हवे असेल तर सांगायचे, स्वतः हात घालायचा नाही. हेडर बदलायचे झाले तर तिघींना कळवून. (हे सगळे नोंदवून ठेवणारे गिट नावाचे साधन आहे. ते लिनस टॉरवाल्ड्सने २००५ साली केले, पोरी पुढच्या सहामाहीत शिकतील.) ज्या मैत्रिणीचे चार दिवसांचे काम पुसले गेले होते ती आता रागात नाही, हे आम्हाला फाइलींपेक्षा बरे वाटले.

तरी एक संध्याकाळ वाया गेलीच. मुलीने व्याज काढण्यातली एक चूक दुरुस्त केली, कर्ज.सी जतन केली, प्रोग्राम चालवला. उत्तर तेच चुकीचे. पुन्हा शोधले, पुन्हा तेच. रात्री साडेदहाला आम्हाला फोन. फोनवरच विचारले, "कर्ज.सी परत कंपाइल केलीस का?" पलीकडे शांतता. तिने फक्त लिंक केले होते. जुनेच रूपांतर जोडले जात होते. दुरुस्ती झाली होती, तिची वार्ता यंत्रापर्यंत पोहोचली नव्हती.

तिला आम्ही एक गोष्ट सांगितली. बेल लॅबमधले स्टीव्ह जॉन्सन हे मोठे नाव, 'याक' हे साधन करणारे. त्यांचीही एक सकाळ अशीच वाया गेली, दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल न केल्यामुळे. ते संतापून स्टुअर्ट फेल्डमन या सहकाऱ्याच्या खोलीत शिरले. त्यातून फेल्डमनने १९७६ साली 'मेक' नावाचा प्रोग्राम लिहिला. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे त्याला एकदा लिहून द्यायचे. मग कोणती फाइल बदलली ते पाहून तेवढीच तो पुन्हा कंपाइल करतो. आजही जगभर तो वापरतात. मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांचंही असं झालं होतं?" आम्ही म्हणालो, "हो. आणि त्यांनी विषय सोडला नाही." दुसऱ्या दिवशी तिने आठ ओळींची मेक फाइल लिहून आम्हाला दाखवली. ओळीच्या सुरुवातीला टॅब हवा, रिकाम्या जागा चालत नाहीत, यापायी तिचा अर्धा तास गेला; तो सगळ्यांचाच जातो.

जुलैच्या बैठकीत तक्ता वाचून झाला. साडेसदुसष्टची पावती होती तिथे तक्त्यातही साडेसदुसष्ट. आईंनी लाल वही शेजारी उघडीच ठेवली होती आणि ओळ न् ओळ पडताळून पाहिली. वही बंद करायला त्या अजून तयार नाहीत, आणि आमच्या मते ते बरोबरच आहे. निदान वर्षभर दोन्ही चालू द्या.

त्याच बैठकीत नवा ठराव झाला. बचत किंवा हप्ता दहा तारखेनंतर आणला तर दहा रुपये दंड. आम्ही परवा गेलो तेव्हा पोरींचा त्यावरच वाद चालला होता. एक म्हणते दंड कर्ज.सी मध्ये, कारण उशीर हप्त्याला होतो. दुसरी म्हणते बचत.सी मध्ये, कारण पैसे जातात पेटीत. आमची मुलगी म्हणत होती, दंडाची वेगळी फाइल हवी, कारण बायका तो पुढच्या बैठकीत नक्की बदलणार. "दहा रुपयांसाठी वेगळी फाइल?" मैत्रिणी हसत होत्या. आमच्याकडे निकाल मागितला, तो आम्ही दिला नाही. वडील डबा घेऊन पाळीला निघाले होते, ते दारातून म्हणाले, "तुमच्या आईला विचारा, ती दंड कुठल्या पानावर लिहिते." आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अजून लिहिलेलाच नाही. पान आखते आहे."